जुन्या बैठकांची नवी इतिवृत्तं लिहू का?

पत्र असं आहे:

"मॅडम, मी मुंबईतल्या एका विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजात एक्सटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) विभागात सहायक प्राध्यापक आहे. चार वर्षं झाली, अजून कायम केलेलं नाही. गेल्या वर्षी आधीच्या मॅडम नोकरी सोडून बंगळुरूला गेल्या आणि एनबीए (इंजिनीअरिंगच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) को-ऑर्डिनेटरचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यांच्या तपासणी समितीची व्हिजिट सहा आठवड्यांवर आली आहे. एसएआर, म्हणजे विभागानं स्वतःबद्दल भरून द्यायचा अहवाल, आधीच सबमिट झालाय. त्यात लिहिलंय की विभागाची सल्लागार समिती वर्षातून दोनदा बसते. तीन वर्षांचे कागद शोधले, तर दोनच बैठकांचे सापडले. एचओडी (विभागप्रमुख) सर म्हणतात, 'उरलेल्या चार तू लिहून काढ, तारखा मी देतो, सह्या मी आणतो.' शिवाय तीन विषयांच्या कोर्स फायली (शिकवण्याची आणि परीक्षांची कागदपत्रं) गायब आहेत. एका विषयाचं अटेनमेंट (मुलांना ठरलेलं किती जमलं याचा आकडा) फार कमी आलंय, तेही 'जरा नीट कर' असं सांगितलंय. मुलांकडून विभागाचं व्हिजन-मिशन (ध्येयाची वाक्यं) पाठ करून घ्यायचं कामही माझंच. नाही म्हणायची भीती वाटते, आणि हो म्हणायची त्याहून जास्त. घरी चार वर्षांचा मुलगा आहे, सासूबाई थकल्या आहेत, मी रोज रात्री साडेनऊची कल्याण लोकल पकडते. आता आदल्या रात्री सगळ्यांनी कॉलेजातच थांबायचं असं ठरतंय. काय करू?"
– कल्याणची एक वाचक

नका लिहू. त्या चार बैठका झाल्या नसतील, तर त्यांची इतिवृत्तं लिहू नका. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला निवांत वाचता येईल.

मी हे सोवळ्यात बसून सांगत नाहीये. एनबीए १९९४ मध्ये सुरू झाली आणि नव्वदीच्या अखेरीला आमच्यासारख्या कॉलेजांपर्यंत तिचं वारं पोहोचलं. त्या वेळी मी स्वतः अशा दोन बैठका 'भरवल्या' होत्या. एका दुपारी, एकाच निळ्या पेनानं, कॅलेंडर न बघता. त्यातली एक तारीख निघाली अनंत चतुर्दशीची. तपासायला आलेल्या समितीत बाहेरगावचे एक वयस्कर प्राध्यापक होते. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, कागद जरा लांब धरला आणि विचारलं, "मॅडम, विसर्जनाच्या दिवशी दुपारी तीन वाजता गिरगावातले उद्योजक तुमच्यापर्यंत पोहोचले कसे?" खोलीतले सगळे हसले. तोवर ते गृहस्थ तीन फायली चाळून चहाकडे वळायच्या बेतात होते. त्यानंतर मात्र त्यांनी कपाटातली प्रत्येक फाइल उघडली. खऱ्या फायलीसुद्धा. आणि त्या खऱ्या फायलींवरही त्यांचा विश्वास बसेना, याचं मला जास्त लागलं.

पुढे मी स्वतः तपासायला जाऊ लागले तेव्हा कळलं, की पकडणं फार सोपं असतं. येणारा माणूस स्वतः कुठला तरी विभाग चालवत असतो. त्यानंही कधीतरी हे केलेलं असतं, निदान होताना पाहिलेलं असतं. तीन वर्षांच्या कागदांचा पांढरेपणा एकसारखा. जूनमध्ये नोकरी सोडलेल्या प्राध्यापकांची डिसेंबरच्या बैठकीला हजेरी. "मागील बैठकीचे इतिवृत्त कायम करण्यात आले" असं वाक्य आहे, पण मागच्या बैठकीतल्या ठरावांचं पुढे काय झालं याचा पत्ता नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, ज्या उद्योगातल्या माणसाची सही तुम्ही दाखवणार, तोच माणूस एम्प्लॉयर म्हणून व्हिजिटच्या दिवशी समितीसमोर बसलेला असतो. त्याला कुणी सहज विचारलं, "मागच्या मार्चच्या बैठकीत काय ठरलं होतं?" तर?

आमच्याकडे लोक व्हिजिटला मुलगी बघायचा कार्यक्रम समजतात. रांगोळी, हार, नवे पडदे, जिन्यात कुंड्या. मला ती उपमा कधी पटली नाही. ही व्हिजिट म्हणजे मुंबईत जुना फ्लॅट बघायला आलेलं गिऱ्हाईक आहे, आणि तेही पावसाळ्यात. त्याला तुमच्या सोफ्यात रस नसतो. तो बाथरूममधला नळ सोडून बघतो, आणि चार भिंतींपैकी एकाच भिंतीला ताजा रंग दिसला की तिथेच बोट ठेवून विचारतो, "इथे लीकेज होतं का?" लीकेज होतं, अमुक महिन्यात वॉटरप्रूफिंग करून घेतलं, ही पावती, असं सांगणाऱ्याचा फ्लॅट विकला जातो.

तर पावती तयार करू या.

समिती सहादा बसली नाही. पण तीन वर्षांत विभागानं बाहेरच्या कुणाचं काहीच ऐकलं नाही, असं होत नसतं. ओरलला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी काहीतरी सुनावलं असेल. एखाद्या कंपनीतल्या माणसानं पाहुणा म्हणून व्याख्यान दिल्यावर "मुलांना पायथॉन येत नाही" असं म्हटलं असेल, आणि तुम्ही पुढच्या टर्मला वर्कशॉप घेतलं असेल. हे मेलमध्ये असतं, विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतं, टाइमटेबलच्या बदललेल्या प्रतीत असतं. तेवढं सगळं गोळा करा. त्यावर आजच्या तारखेचं, तुमच्या सहीचं एक टिपण लावा: या तीन वर्षांत बाहेरून आलेल्या सूचना, त्यावर विभागानं काय केलं आणि त्याचा पुरावा कुठे आहे.

मग पुढच्या पंधरा दिवसांत समितीची एक खरी बैठक घ्या. ऑनलाइन चालेल, ऐरोलीहून किंवा बीकेसीतून माणूस कामाच्या दिवशी तुमच्या कॉलेजात येईल अशी आशा धरू नका. विषय एकच ठेवा, तीन वर्षांचा आढावा. आणि इतिवृत्ताचं पहिलं वाक्य हे असू द्या: "ठरल्याप्रमाणे सहा बैठका अपेक्षित होत्या, प्रत्यक्षात दोन झाल्या." त्याखाली कारण, आणि त्याखाली पुढच्या वर्षाच्या दोन तारखा.

एसएआरमधलं विधान चुकीचं गेलंय, ते मागे घेता येणार नाही, पण दुरुस्त करता येतं. पहिल्या दिवशी एचओडींचं सादरीकरण असतं. त्यात एक स्लाइड दुरुस्त्यांची ठेवा आणि तीच यादी प्राचार्यांच्या सहीनं छापील स्वरूपात समितीच्या टेबलावर ठेवा. हजार गुणांच्या हिशेबात सल्लागार समितीची बाब कोपऱ्यातली आहे. तिथे दोन-चार गुण गेले तर जाऊ द्यात.

आता सरांशी कसं बोलायचं. ते खलनायक आहेत असं मी धरून चालत नाही. त्यांच्यावर प्राचार्य, प्राचार्यांवर ट्रस्टी, ट्रस्टींच्या डोक्यात अ‍ॅडमिशन आणि स्वायत्ततेचा अर्ज. वरून खाली येता येता हे सगळं ओझं विभागातल्या सगळ्यात ज्युनिअर माणसाच्या टेबलावर येऊन पडतं. आपल्याकडची ही जुनीच रीत. म्हणून त्यांना तत्त्व सांगायला जाऊ नका, धोका सांगा. "सर, मी लिहिते, पण आजच्या तारखेनं लिहिते. समितीतले उद्योगातले सर त्या दिवशी समोर असतील, त्यांना तारीख विचारली तर आपण दोघंही अडकू." हे केबिनमध्ये, एकटे असताना बोला. विभागाच्या मीटिंगमध्ये बोललात तर त्यांना माघार घेता येणार नाही.

तरीही ते अडून बसले, तर त्याच संध्याकाळी एक साधी मेल टाका: "आजच्या चर्चेनुसार उपलब्ध असलेल्या दोन बैठकांची कागदपत्रं फायलीत लावत आहे. उरलेल्या बैठकांबाबत आढावा टिपण जोडत आहे." आरोप नाही, तक्रार नाही. कॉपी आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या, को-ऑर्डिनेटरना. तोंडी सांगितलेली गोष्ट लेखी मागण्याची हिंमत फार कमी लोकांत असते, हा माझा अनुभव आहे.

नोकरीची भीती खरी आहे. कायम नसलेल्या माणसाला 'नाही' म्हणायला लावणं मला बसल्या जागी सोपं आहे, हे मला कळतं. पण एक हिशेब करून बघा. व्हिजिट सहा आठवड्यांवर असताना को-ऑर्डिनेटर बदलायची छाती कुठल्याच कॉलेजात नसते. या सहा आठवड्यांत तुम्ही कॉलेजातल्या सगळ्यात सुरक्षित व्यक्ती आहात. आणि पुढे कधी चौकशी झालीच, तर फायलीवर 'तयार करणार' म्हणून नाव तुमचं आहे, सरांचं नाही.

अटेनमेंटकडे येते. तुमच्या पत्रातला हा भाग मला खरं तर सगळ्यात आवडला, कारण तुम्ही ज्याला अडचण म्हणता ते तुमच्या विभागातलं सगळ्यात चांगलं पान आहे.

२०१४ च्या जूनमध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे इंजिनीअरिंगच्या पदव्या एकमेकांकडे मानण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, कायम सदस्य झाला. त्या कराराची मान्यता टियर-वनच्या, म्हणजे विद्यापीठांच्या आणि स्वायत्त संस्थांच्या कार्यक्रमांना आहे. तुमचं संलग्न कॉलेज टियर-टूमध्ये येतं. पण विचारण्याची पद्धत दोन्हीकडे तीच झाली. प्राध्यापकानं काय शिकवलं यापेक्षा मुलाला काय जमलं, हे विचारायचं. त्यासाठी प्रत्येक विषयाचे सीओ (त्या विषयाअखेर मुलाला काय यायला हवं), सगळ्या पदवीचे पीओ (पदवीअखेर काय यायला हवं) आणि त्यांची सांगड. मग गुणांवरून अटेनमेंट काढायचं. समजा तुम्ही ठरवलंय की वर्गातल्या सत्तर टक्के मुलांनी ठरावीक गुणांची रेघ ओलांडली तर पातळी ३, साठ टक्क्यांना २, पन्नासला १. ही रेघ आणि या पातळ्या विभागानंच ठरवलेल्या असतात, एनबीएनं नाही. हे विसरू नका, कारण त्या कशावरून ठरवल्या हा प्रश्न येतोच. "सगळे असंच घेतात" हे उत्तर चालत नाही. "मागच्या तीन बॅचचा निकाल पाहून ठरवल्या" हे चालतं.

आता असा एक्सेल बघा, ज्यात प्रत्येक विषयाच्या प्रत्येक सीओला २.८, २.९, ३. मी असे शेकडो पाहिलेत. पहिल्या पाच मिनिटांत कळतं की गणित उलटं मांडलंय, आधी उत्तर आणि मग आकडे. आणि त्याच कॉलेजात इलेक्ट्रोमॅग्नेटिक्समध्ये अर्ध्या वर्गाला केटी लागलेली, म्हणजे विषय राहिलेला असतो! तुमचा १.२ किंवा १.४ जो काही आलाय, तो तसाच राहू द्या. त्याच्या खाली लिहा: कुठला सीओ, मुलं नेमकी कुठे अडली, कशावरून कळलं, त्यावर काय केलं. ट्युटोरियलचा एक तास वाढवला? गणिताची उजळणी आधी घेतली? पुढच्या बॅचला तो आकडा १.७ झाला असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल झाला, तर आता काय बदलताय ते लिहा. काहीच केलं नसेल, तर या टर्ममध्ये सुरू करा आणि आजची तारीख टाका.

संलग्न कॉलेजांची एक खरी अडचण आहे, ती लपवायचं कारण नाही. मुंबई विद्यापीठाच्या लेखी पेपरचे आपल्याला एकूण गुण मिळतात. कुठल्या प्रश्नाला किती, हे मिळत नाही. मग त्या एकूण गुणांतून सीओ तीनचं अटेनमेंट वेगळं आणि चारचं वेगळं कसं काढणार? काढता येत नाही. बहुतेक कॉलेजं एकूण गुण सगळ्या सीओंना सारखेच लावतात आणि वेगळेपण अंतर्गत गुणांतून, टर्मवर्कमधून आणतात. हेच एका परिच्छेदात स्वच्छ लिहून ठेवा. तपासणाऱ्यांना ते ठाऊक असतं. तुम्हाला ते ठाऊक आहे का, एवढंच ते बघत असतात. मात्र मग अंतर्गत परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत प्रत्येक प्रश्नापुढे सीओ लिहिलेला हवा, आणि उत्तरपत्रिकांत चांगली, मधली आणि कच्ची अशी तिन्ही प्रकारची नमुन्याला ठेवलेली हवी. फक्त चांगल्याच ठेवल्या तर पुन्हा ताजा रंग.

आणि एक खड्डा, ज्यात हल्ली सगळे पडतायत. जुन्या नमुन्यात पीओ बारा होते, नव्यात अकरा आहेत. 'समाज' आणि 'पर्यावरण' हे जुने सहावा-सातवा मिळून आता 'इंजिनीअर आणि जग' असा एकच सहावा झाला. त्यामुळे नीतिमत्ता आठवरून सातवर आली, आणि आयुष्यभर शिकत राहणं बारावरून अकरावर. तुमच्या तीन वर्षांपूर्वीच्या फायलींत पीओ बारा असणार. ती जुनी कोष्टकं खोडून नवीन करत बसू नका. त्या वर्षी तीच बरोबर होती. प्रत्येक जुन्या फाइलच्या पहिल्या पानावर जुना क्रमांक आणि नवा क्रमांक असं एक छोटं कोष्टक चिकटवा. अर्ध्या तासाचं काम आहे. हे कुणी केलेलं नसतं, म्हणून केलं की लगेच दिसतं. सांगड घालतानाही हात जरा आखडता ठेवा. सी प्रोग्रामिंगची पर्यावरणाशी ३ पातळीची सांगड एका कॉलेजात पाहिली होती. विचारलं तर उत्तर आलं, "कागद वाचतो, मॅडम."

गायब फायलींचं सांगते. बंगळुरूच्या मॅडमना आजच फोन करा. त्यांची कॉलेजची मेल आयडी बंद झाली असेल, तर ड्राइव्हवरचं सगळं त्या आयडीबरोबर गेलं असण्याची शक्यता आहे; कॉलेजच्या सिस्टिम अ‍ॅडमिनकडून ते परत मिळतं का बघा. नाहीच मिळालं, तर जे दुसरीकडे आहे ते जमवा: परीक्षा विभागातून गुणपत्रकं आणि प्रश्नपत्रिका, ऑफिसमधून हजेरी, आणि मुलांकडून जर्नल्स. हो, मुलांकडून. पास झालेली मुलं जर्नल रद्दीत टाकत नाहीत, कपाटावर टाकतात. फाइल अपूर्ण राहिली तर वर 'अपूर्ण' असं लिहा. लेसन प्लॅन मात्र मागच्या तारखेनं बनवू नका. ते म्हणजे त्या चार बैठकांचंच धाकटं भावंड.

फायलींना कसर आणि बुरशी लागलीय का ते आत्ताच बघा. व्हिजिट भर पावसात आहे. तळमजल्यावरचं स्टोअर असेल तर कपाटातलं खालचं फळकूट रिकामं करा, डांबराच्या गोळ्या ठेवा. ओली झालेली फाइल वाळवून तशीच ठेवा, तिची नवी झेरॉक्स नको. मुंबईतल्या फायलीवर पाण्याचा डाग असणं हा तिच्या खरेपणाचा दाखलाच.

मुलांना व्हिजन-मिशन पाठ करायला लावू नका. मी तपासायला गेले असताना एका मुलीनं मिशनचा दुसरा मुद्दा मारुती स्तोत्राच्या चालीवर म्हणून दाखवला होता. तिच्या शेजारच्यानंही तेवढंच, त्याच ठिकाणी श्वास घेऊन. मी विचारलं, "कधी पाठ केलं?" ती खरं बोलली, "काल. ऑडिटोरियममध्ये." शिक्षक खोलीत नव्हते; विद्यार्थ्यांशी बोलताना ते नसतातच. मग मी तिला तिच्या प्रोजेक्टबद्दल विचारलं, काय बिघडलं म्हणून. सेन्सर दमट हवेत चुकीचं रीडिंग द्यायचा. लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तीन फेऱ्या मारल्या, शेवटी तिनं घरच्या डब्यात सिलिका जेल घालून बसवला. दहा मिनिटं बोलत होती. त्या विभागाबद्दल माझं मत त्या दहा मिनिटांनी बदललं, हे मी अहवालात वेगळ्या शब्दांत लिहिलं. तुमच्या मुलांकडून एवढंच करून घ्या: प्रत्येकाला स्वतःचं प्रोजेक्ट, त्यातली अडचण आणि स्वतःचा वाटा सांगता यावा. निवडक टॉपरच पुढे करू नका. केटी काढून वर आलेला एखादा तरी असू द्या. त्याला विभागानं काय मदत केली हे तोच चांगलं सांगेल. केली असेल तर.

व्हिजन-मिशनच्या फलकांवर तुमच्या कॉलेजनं किती खर्च केला हे मला विचारायचं नाही. जुन्या नमुन्यात त्या बाबीला हजारांपैकी साठ गुण होते आणि प्राध्यापकांच्या माहितीला दोनशे. तरीही प्रत्येक मजल्यावर अ‍ॅक्रिलिकचे फलक असतात आणि चार-चार वर्षं शिकवणारी बाई कायम नसते. हे वाक्य एचओडींना दाखवायचं असेल तर दाखवा.

लॅबमध्ये बंद पडलेले सीआरओ (सिग्नल पडद्यावर दाखवणारी यंत्रं) मागे लपवू नका. 'नादुरुस्त, तक्रारीची तारीख अमुक' अशी चिठ्ठी लावा आणि डेड स्टॉक रजिस्टरमध्ये (सामानाच्या नोंदवहीत) तीच नोंद आहे ना, बघा. अग्निशामकाच्या सिलिंडरची तारीख उलटून गेलेली असते, ती कुणी बघत नाही; तुम्ही बघा. आणि लॅबमधल्या काकांना आदल्या दिवशी नवा शर्ट घालायला सांगण्याऐवजी आत्ताच विचारा की कुठलं यंत्र कुठल्या बॅचला कमी पडतं. समिती त्यांना विचारणार आहे, आणि ते खरं तेच सांगणार आहेत.

माजी विद्यार्थ्यांची आणि पालकांची भेट रविवारी ठेवली असेल, तर मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते शनिवारीच बघून घ्या. हसू नका. एका व्हिजिटला आमचे अकरा माजी विद्यार्थी यायचे होते, हार्बर बंद म्हणून चार आले, आणि आमच्या विभागाचे माजी विद्यार्थ्यांशी संबंध 'कमकुवत' असल्याची नोंद झाली. समितीतल्या लोकांना हॉटेलवरून आणायला जाणाऱ्या गाडीचंही तेच: अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, सकाळी साडेआठ वाजता स्वतः त्या रस्त्यानं एकदा जाऊन मिनिटं मोजा.

शाली, सुक्या मेव्याचे डबे, 'छोटीशी आठवण' यातलं काहीही नको. एनबीएची भेटवस्तूंना मनाई आहेच. शिवाय २०२५ च्या फेब्रुवारीत नॅकच्या (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या) तपासणी समितीतल्या लोकांना लाचेच्या आरोपाखाली सीबीआयनं अटक केली, तेव्हापासून बाहेरगावचा प्राध्यापक जड पिशवी बघितली की दचकतो. चहा, साधं जेवण, आणि कामाच्या खोलीत चालू असलेला पंखा. एवढं पुरे.

शेवटच्या दिवशी एक्झिट मीटिंग असते. त्यात निकाल सांगत नाहीत, फक्त निरीक्षणं वाचतात. निर्णय नंतर दिल्लीहून येतो. तुमचे सर तिथे वाद घालायला उभे राहतील. त्यांना आधीच सांगून ठेवा की लिहून घ्यायचं आणि धन्यवाद म्हणायचं.

उरली कामाची वाटणी. एसएआरमधल्या प्रत्येक निकषाला एक नाव, लेखी, एचओडींच्या सहीनं. तुम्ही सगळ्या निकषांच्या मालकीण नाही, तुम्ही फक्त विचारणार, "झालं का?" दोन आठवडे आधी दुसऱ्या कॉलेजातले दोन प्राध्यापक बोलावून रंगीत तालीम घ्या. ओळखीतले गोड बोलणारे नकोत. ज्यांच्या ओरलला मुलं घाबरतात तसले दोघं बघा. त्यांना सगळ्यात आधी दुरुस्त्यांची ती स्लाइड दाखवा, आणि त्यावर ते काय विचारतात ते शब्दशः लिहून घ्या.

आदल्या रात्री थांबायचं म्हणता. मी अशा तीन रात्री काढल्या आहेत. रात्री दीड वाजता कुणीतरी फाइल क्रमांक बदलतं, सकाळी एसएआरमधला क्रमांक आणि कपाटातला क्रमांक जुळत नाही, आणि ज्या बाईला सगळं पाठ असतं तिचे डोळे मिटत असतात. सरांना आत्ताच सांगा: आदल्या दिवशी सहा वाजता कपाटाला कुलूप, किल्ली तुमच्याकडे. त्यानंतर कुठलाही कागद आत जाणार नाही, बाहेर येणार नाही, आणि प्रिंटर बंद. सहा वाजून दहा मिनिटांनी स्टेशनचा रस्ता धरा. गर्दी असेल, पण मुलगा झोपायच्या आत घरी पोहोचाल.